‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ : कार्यालयात भावनिक बुद्धिमत्ता कशी कमवावी

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि शाखेची रोकड जुळत नव्हती. दहा हजार रुपये कमी पडत होते. रोखपाल मुलीला नोकरीत लागून जेमतेम आठ महिने झाले होते, आणि तूट राहिली तर ती रोखपालालाच स्वतःच्या खिशातून भरून द्यावी लागते, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. तिने तिसऱ्यांदा मोजणी संपवली, माझ्याकडे पाहिले आणि ‘सर, दुपारी तुम्ही…’ एवढेच म्हणाली. पुढचे मी ऐकून घेतले नाही. ‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ असे मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. साडेसहाच्या सुमारास शिपाईमामा माझे टेबल आवरू लागले, तेव्हा पेपरवेटखालून एक चेक निघाला. दुपारी केबिनमध्ये बसलेल्या एका जुन्या खातेदाराला शंभराच्या नोटा हव्या होत्या म्हणून मीच एक पुडके आत मागवून घेतले होते, आणि त्याचा चेक काउंटरवर पाठवायचा विसरलो होतो.

चेक विसरणे ही साधी चूक होती. ती कोणाच्याही हातून होते. पण ‘सर, दुपारी’ हे दोन शब्द कानावर पडूनही मी ते ऐकले नाहीत, कारण तोवर रागाने माझ्या वतीने निकाल देऊन टाकला होता. ही चूक वेगळ्या जातीची आहे आणि या लेखाचा विषय तीच आहे. एकतीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत आणि त्यातल्या शाखाधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांत जे थोडेफार उमगले, ते येथे पायरीपायरीने मांडत आहे. उदाहरणे बँकेची असली, तरी तहसील कार्यालयात, रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा कारखान्याच्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ती परकी वाटणार नाहीत.

भावनिक बुद्धिमत्ता या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये केली. आपल्या आणि इतरांच्या भावना टिपणे, त्यांतला फरक ओळखणे आणि त्या माहितीचा उपयोग विचार व कृती ठरवताना करणे, असा त्यांच्या व्याख्येचा सारांश आहे. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या लेखनामुळे हा शब्द जगभरच्या कंपन्यांत पोहोचला. यशासाठी ती बुद्ध्यांकापेक्षाही महत्त्वाची असते असे दावे त्यानंतर होऊ लागले, पण अभ्यासकांमध्ये त्याबाबत एकमत नाही. मला त्या मूळ व्याख्येतला ‘माहिती’ हा शब्द सर्वांत उपयोगी वाटतो. गोड बोलणे, कधीच न रागावणे किंवा सगळे मनात गिळून हसतमुख राहणे, असा जो अर्थ प्रशिक्षणवर्गांतून बाहेर पडताना लोक सोबत घेऊन जातात, तो त्या व्याख्येत कुठेच नाही. राग हीसुद्धा माहितीच असते. मात्र ती कशाविषयीची आहे, हे तपासल्याशिवाय वापरली की माझ्यासारखी फजिती होते.

पुढच्या प्रत्येक पायरीला किमान दोन आठवडे द्यावेत आणि एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची हाती घेऊ नये. लागणारे साहित्य म्हणजे खिशात मावेल अशी एक वही. ती कार्यालयाच्या संगणकावर किंवा कार्यालयाने दिलेल्या फोनमध्ये ठेवू नये, कारण कोणी वाचेल या धास्तीने माणूस वहीतही खोटे लिहू लागतो.

पहिली पायरी: भावनेला तिचे नेमके नाव द्यावे

दिवसभराच्या त्रासाला आपण साधारणतः दोनच नावे देतो, ‘राग’ आणि ‘टेन्शन’. वास्तविक मराठीइतकी बारकाईने भावनांची प्रतवारी करणारी भाषा हाताशी असताना हा कंजूसपणा करण्याचे काहीच कारण नाही. वैताग, चिडचिड, त्रागा आणि संताप या चार शब्दांत चार वेगवेगळ्या परिस्थिती आहेत. पासबुक छापण्याचे यंत्र दिवसातून पाचव्यांदा अडकले की वैताग येतो, आणि त्यावर उपाय यंत्रदुरुस्तीचा असतो. आपले कोणी ऐकत नाही असे वाटले की माणूस त्रागा करतो, आणि त्यावर उपाय ऐकून घेतले जाण्याचा असतो. हिरमोड होतो तेव्हा काहीतरी अपेक्षा होती आणि ती मोडली, असे समजावे. सहकाऱ्याला बढती मिळाल्यावर पोटात जे कालवते त्याला आपण घाईने ‘अन्याय’ म्हणतो, पण पुष्कळदा ती असूया असते, आणि ती स्वतःशी तशी कबूल केली की निम्मी ओसरते. तीच गोष्ट धास्ती, धसका आणि हुरहुर यांची. पहिली पुढच्या संकटाची असते, दुसरा मागच्या आघाताचा असतो आणि तिसरीला बहुधा नक्की कारणच सापडत नाही. कुचंबणा हा शब्द तर मला खास कार्यालयांसाठीच घडवल्यासारखा वाटतो: दोन वरिष्ठांनी परस्परविरोधी सूचना द्याव्यात आणि दोघांनाही विचारण्याची सोय नसावी, तेव्हा जे होते ते.

वहीत रोज तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत काय घडले ते लिहावे, आणि तेही कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच. ‘साहेबांनी अपमान केला’ असे न लिहिता ‘साहेबांनी बैठकीत माझे वाक्य मध्येच तोडले’ असे लिहावे. दुसऱ्या ओळीत भावनेचे नाव लिहावे, आणि ‘राग’ हा शब्द लिहिण्याआधी त्याच्यापेक्षा नेमका शब्द सुचतो का ते पाहावे. तिसऱ्या ओळीत त्यानंतर आपण काय केले ते लिहावे. ‘काय करायला हवे होते’ हा रकाना पहिल्या दोन आठवड्यांत मुद्दाम ठेवू नये, कारण मग वहीचे रूपांतर उपदेशाच्या पाटीत होते आणि चौथ्या दिवशी ती बंद पडते.

नाव देण्याने प्रत्यक्ष काही फरक पडतो का, अशी शंका मलाही होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले होते. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द जोडताना, मेंदूतील धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. त्याच चेहऱ्याला केवळ स्त्रीचे किंवा पुरुषाचे नाव जोडताना तसे झाले नाही. माझ्या वहीचा पुरावा याहून साधा होता. तिसऱ्या आठवड्यात मागची पाने चाळली तेव्हा ज्याला मी आयुष्यभर माझा ‘तापट स्वभाव’ म्हणत आलो होतो, त्याच्या बहुतेक नोंदींत खरा शब्द ‘धास्ती’ होता, आणि त्यातल्या कितीतरी नोंदी संध्याकाळी पाच ते सहाच्या होत्या, म्हणजे रोकड जुळण्याच्या वेळेच्या.

दुसरी पायरी: शरीराची वर्दी ओळखावी

हिच्यावर फार लिहिण्यासारखे नाही, पण ती गाळता येत नाही. भावना डोक्यात शब्दरूप घेण्याच्या आधी अंगावर दिसते. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणी पेनाचे टोपण सारखे उघडझाप करू लागतो. माझा आवाज चढण्याआधी मी चष्मा काढून टेबलावर ठेवतो, हे मला माझ्या पत्नीने सांगितले आणि शाखेत सगळ्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते असे नंतर कळले. आपल्या अशा दोन खुणा घरातल्या माणसाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. त्यासोबत जेवण आणि झोप यांचीही नोंद ठेवावी, कारण दुपारचा डबा चार वाजता उघडणाऱ्या माणसाच्या साडेतीनच्या मताला फारशी किंमत देऊ नये, मग ते मत त्याचे स्वतःचे का असेना.

तिसरी पायरी: खूण दिसली की थांबण्याची सोय आधीच करून ठेवावी

‘दहा अंक मोजा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण समोर रांग उभी असताना कोणी अंक मोजत बसत नाही. थांबणे कामातच बसवावे लागते. काउंटरवरच्या माणसाने ‘एक मिनिट, नोंद तपासून सांगतो’ असे म्हणून खरोखरच पडद्याकडे वळावे. ते खोटे नसते आणि समोरच्याला अपमानास्पदही वाटत नाही. बैठकीत असाल तर पेन हातात घेऊन समोरच्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून काढावे. लिहिताना आपोआप वीसेक सेकंद जातात आणि पुष्कळदा लिहिलेले वाक्य ऐकलेल्या वाक्याइतके टोचत नाही. उभे राहणे शक्य असेल तर पाण्याच्या पिंपापर्यंत जाऊन यावे. बसल्या जागी करता येण्याजोगे म्हणजे श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावणे. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची नैसर्गिक रचनाच आहे, आणि पाच-सहा लांब उच्छ्वासांत तिचा फायदा जाणवतो.

लेखी मजकुराबाबत मात्र मी कडक आहे. रागात लिहिलेल्या ईमेलमध्ये ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता सर्वांत शेवटी भरावा, म्हणजे चुकून बोट पडून तो निघून जाणार नाही, आणि तो मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचावा. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर कोणाचीही चूक दाखवू नये आणि आपली दाखवली गेली तर तेथेच उत्तर देऊ नये. ‘पाहून कळवतो’ एवढे लिहून त्या व्यक्तीला फोन लावावा. समूहावर वाद दोघांचा असतो, पण हार-जीत तीस जणांसमोर होते, आणि मग कोणालाच माघार घेता येत नाही.

चौथी पायरी: मनातल्या वाक्यातला ‘च’ शोधावा

थांबल्यावर करायचे काय, याचे मला पटलेले उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीत आहे. एलिस यांनी अमेरिकेत १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या कामामुळे ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती या नावाने परिचित झाली. तिचे सूत्र असे आहे की घटना थेट भावना निर्माण करीत नाही. मध्ये आपला एक विचार असतो, आणि तो बहुतेक वेळा हट्टाच्या स्वरूपाचा असतो. हा हट्ट ओळखण्यासाठी मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्या भाषेत तो एका अक्षरात राहतो. ‘लोकांनी रांगेत नीट उभे राहिले पाहिजे’ ही अपेक्षा आहे. ‘राहिलेच पाहिजे’ हा हट्ट आहे. ‘माझ्या शाखेत रोकड जुळावी’ ही इच्छा आहे. ‘जुळलीच पाहिजे, नाहीतर माझी लायकीच निघाली’ या वाक्यात दोन ‘च’ आहेत आणि दोन्ही जण माणसाला ओरडायला लावतात.

सराव असा करावा. वहीतली एखादी घटना घ्यावी आणि त्या क्षणी मनात कोणते वाक्य होते ते प्रामाणिकपणे, ‘च’सकट लिहावे. समजा, तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या वरिष्ठाने तुमच्या टिपणात तांबड्या शाईने दुरुस्त्या केल्या आणि तुम्ही दिवसभर घुमे झालात. वाक्य बहुधा असे निघेल: ‘इतक्या वर्षांच्या माणसाचा त्याने मान राखलाच पाहिजे.’ आता त्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. असा नियम कुठे लिहिला आहे? मान राखणे म्हणजे चूक तशीच ठेवणे, असे मी तरी माझ्या हाताखालच्यांशी वागताना मानले होते का? आणि दुरुस्ती योग्य होती का? नंतर ‘च’ काढून वाक्य पुन्हा लिहावे: ‘त्याने मला बोलावून सांगितले असते तर मला बरे वाटले असते.’ वाईट वाटणे उरतेच, आणि ते उरावे. फक्त आता ते बोलून दाखवता येण्याजोग्या आकाराचे झालेले असते.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. हे तंत्र स्वतःच्या मनावर चालवायचे असते. संतापलेल्या सहकाऱ्याला ‘तुमच्या विचारातच हट्ट आहे’ असे सांगणारा माणूस कितीही अभ्यासू असला तरी मार खाण्याच्या लायकीचा असतो.

पाचवी पायरी: दुसऱ्याचे मन ओळखल्याचा आव न आणता विचारावे

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा आमच्या शाखेबाहेरची रांग एसटी स्टँडच्या वळणापर्यंत गेली होती. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार होती, ती काही दिवसांत साडेचार हजार झाली आणि पुढे दोन हजारांवर आली. सकाळी सांगितलेला नियम संध्याकाळी बदलत होता आणि प्रत्येक बदलाचा राग काउंटरवरच्या माणसावर निघत होता. त्या गर्दीत साधारण पन्नाशीची एक बाई पाचशेच्या सात नोटा घेऊन आली. ओळखपत्राची झेरॉक्स मागताच ती इतकी भडकली की मागचे लोकही तिच्या बाजूने ओरडू लागले. काउंटरवरच्या मुलाने नियम दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा अधिक मोठ्याने. मी तिला बाजूच्या टेबलापाशी बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून विचारले, ‘ताई, कागद द्यायला काही अडचण आहे का?’ थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, ‘घरी पत्र तर येणार नाही ना?’

डब्यात, साडीच्या घडीत मालकांच्या नकळत साठवलेले ते साडेतीन हजार होते. वरून दिसत होता तो संताप, आणि आत होती भीती. झेरॉक्स कशासाठी लागते आणि घरी काहीही पत्र जाणार नाही, एवढे सांगितल्यावर तिने पिशवीतून कागद काढून दिला. तो तिने आधीपासूनच आणलेला होता.

मी तिचे मन ओळखले नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे. माझा अंदाज होता की झेरॉक्सचे सुटे पैसे नसावेत. अंदाज सपशेल चुकला, पण मी तो बोलून न दाखवता प्रश्न विचारला म्हणून काम झाले. तेव्हा ही पायरी चढताना तीन गोष्टींचा सराव करावा. पहिली, प्रश्न ‘का’ने सुरू करू नये, ‘का चिडलात?’ यात आरोप ऐकू येतो, ‘काय अडचण झाली?’ यात येत नाही. दुसरी, प्रश्न शक्यतो चारचौघांत विचारू नये, कारण खरे उत्तर चारचौघांत देता येण्यासारखे असते तर माणूस भडकला नसता. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रश्नानंतर गप्प राहणे. आपल्याला शांतता सोसत नाही. दोन सेकंदांत आपणच उत्तराचे पर्याय पुरवू लागतो, आणि समोरचा त्यातला सोयीचा पर्याय निवडून मोकळा होतो.

सहावी पायरी: अवघड बोलणे घडवून आणावे

मराठी कार्यालयांत अवघड गोष्ट एक तर वर्षभर बोलली जात नाही, नाहीतर टोमण्यातून बोलली जाते. ‘आज लवकर आलात!’ असे साडेदहाला येणाऱ्याला म्हणणाऱ्याला वाटते की आपण सूचना दिली. ऐकणाऱ्यापर्यंत सूचना पोहोचत नाही, बोच मात्र पोहोचते. टोमणा सोडणे ही या पायरीची पहिली अट आहे, आणि माझ्यासारख्या पुण्याकडच्या माणसाला ती सगळ्यांत जड गेली.

बोलण्यापूर्वी वहीत चार वाक्ये तयार करावीत: काय घडले, त्याचा कामावर काय परिणाम झाला, समोरच्याची बाजू काय आहे, आणि यापुढे काय ठरवू या. रोज उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याशी हे असे बोलता येते: ‘या आठवड्यात तीन दिवस तुम्ही साडेदहानंतर आलात. त्या वेळात तुमचं काउंटर बंद राहतं आणि शेजारच्या टेबलावर दोन रांगा होतात. काही अडचण चालू आहे का? सोमवारपासून कसं जमवता येईल, ते ठरवू.’ यात ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुम्हाला पर्वा नाही’ हे शब्द नाहीत, कारण ‘नेहमी’ म्हटले की समोरचा वेळेवर आलेले दिवस मोजून दाखवतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. हे बोलणे बंद खोलीत, दुपारच्या जेवणानंतर आणि शक्यतो शुक्रवार सोडून करावे. आठवड्याच्या अखेरीस ऐकवलेली गोष्ट माणूस दोन दिवस घरात चघळत बसतो.

संबोधन ही बारीक वाटणारी पण मोठी बाब आहे. बत्तिसाव्या वर्षी अधिकारी होऊन आलेल्या मुलीने छप्पन्न वर्षांच्या हेड कॅशियरना त्यांच्या आडनावापुढे ‘साहेब’ किंवा ‘काका’ लावून हाक मारली तर तिचा अधिकार कमी होत नाही, आणि त्यांनी तिला सगळ्यांदेखत ‘अगं’ म्हटले तर तिने पहिल्याच आठवड्यात एकान्तात, हसून पण स्पष्टपणे, ‘शाखेत मॅडम म्हणा, बाहेर हवं तर नावाने हाक मारा’ असे सांगावे. रागाच्या भरात ‘अहो’वरून ‘अरे’वर घसरणे हे मराठीत जवळजवळ शिवी दिल्यासारखे असते. उलट, ज्यांच्यात रोजचे अरे-तुरे आहे त्यांच्यात एकाने अचानक ‘आपण’ वापरला, तर तोही दार लावून घेतल्यासारखाच ऐकू येतो. भावना ओळखू पाहणाऱ्याने या सर्वनामांवर कान ठेवावा. मार्चअखेरच्या आठवड्यात शाखेत काय शिजते आहे हे मला अहवालांपेक्षा त्यांच्यावरूनच आधी कळत असे.

वरिष्ठांना नकार देतानाही हीच चौकट चालते, फक्त शेवटी पर्याय ठेवावा लागतो. ‘साहेब, ही यादी आजच हवी असेल तर कर्जप्रकरणांची तपासणी उद्यावर जाईल. दोन्हींतलं आधी कोणतं करू?’ यात नाही म्हटलेले नाही, पण निवडीची जबाबदारी जेथे असायला हवी तेथे परत गेली आहे.

जेथे या पायऱ्या चालत नाहीत

आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना पुढे आणली: ठरावीक भावना चेहऱ्यावर दाखवणे हाच जेथे नोकरीचा भाग असतो, तेथे तेही श्रमच आहेत आणि त्यांनीही माणूस थकतो. हे आपल्या व्यवस्थापनांनी लक्षात घेण्यासारखे आहे. सहा जणांचे काम तीन जणांवर टाकायचे, लिंक दिवसातून चार वेळा जाऊ द्यायची आणि मग त्या तिघांसाठी हसतमुख सेवेचे प्रशिक्षण ठेवायचे, यात अप्रामाणिकपणा आहे. तुमच्या वहीत पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच यंत्राविषयी किंवा एकाच रिकाम्या पदाविषयी असतील, तर मनावर काम करणे थांबवून त्या नोंदी तारखांसह वरिष्ठ कार्यालयाला लेखी कळवाव्यात.

लैंगिक छळ ही तर ‘समजून घेण्याची’ बाब नव्हेच. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. तसेच झोप, भूक आणि कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे उडाले असेल, तर वहीवर विसंबून राहू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

सातवी पायरी: चूक झाल्यावर ती त्याच जागी दुरुस्त करावी

आधीच्या सहाही पायऱ्या चढलेला माणूस अधूनमधून घसरतोच. मग माफी मागावी लागते, आणि तिचेही एक तंत्र आहे. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नाही, कारण तिच्यात दोष ऐकणाऱ्याच्या वाटण्याला दिलेला असतो. आपण काय केले ते नेमके म्हणावे, कारणांची यादी जोडू नये, काही भरून देण्यासारखे असेल ते द्यावे आणि ‘जाऊ द्या’ असे समोरच्याकडून वदवून घेण्याची घाई करू नये.

त्या दिवशी चेक सापडल्यावर मी रोखपाल मुलीला केबिनमध्ये बोलावले आणि माझी चूक कबूल केली. ती ‘ठीक आहे, सर’ म्हणाली. मला हलके वाटले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती प्रत्येक पुडके तीनतीनदा मोजू लागली, तिच्यासमोरची रांग लांबली, आणि काही विचारायचे असले की ती शिपाईमामांकडून निरोप पाठवू लागली. तिला काय झाले आहे ते मला उमगेना. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिजोरीची दुसरी किल्ली लावताना आमचे हेड कॅशियर, निवृत्तीला वर्ष राहिलेले गृहस्थ, माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘साहेब, ओरडलात हॉलमध्ये आणि माफी मागितलीत केबिनमध्ये.’

पुढच्या सकाळी शटर उघडण्याआधी सगळे चहाला जमले होते. मी चष्मा न काढता उभा राहिलो आणि म्हणालो, ‘सोमवारी दहा हजारांचा चेक माझ्या टेबलावर होता. या सांगत होत्या, मी ऐकलं नाही आणि वर सगळ्यांसमोर त्यांनाच बोललो. चूक माझी होती.’ कोणीच काही बोलले नाही. तिने कप बशीत ठेवला, काउंटरवर गेली, आणि अकराच्या सुमारास स्वतः केबिनच्या दाराशी येऊन म्हणाली, ‘सर, तुमच्याकडे आत्ता कुठला चेक पडून नाही ना?’